सातव्या टाकीचं पाणी

तोरुन आस्पमोने सकाळपासून चौथ्यांदा बटण दाबलं. कपाटाएवढं ते यंत्र घरघरायला लागलं. टक्क्यांचा आकडा वीसवर गेला, तीसवर गेला, चाळिशीला पोचला आणि खटकन सगळं बंद पडलं. वरचा लाल दिवा लागला. भार जास्त झाला, असं यंत्राचं म्हणणं.

"परत?" दारातून एइलिफने विचारलं.

"परत."

एइलिफ ब्रेके मासे सांभाळायचा, तोरुन वीज. शेल्वा नदीत रोग शिरला होता. औषध घालून नदीतले सगळे मासे मारायचे, नदी धुऊन निघाली की तिचेच सॅल्मन परत सोडायचे, असं ठरलं होतं. ते सॅल्मन, म्हणजे बोटाएवढी पिलं, या शेडमधल्या आठ टाक्यांत होती. जगात दुसरीकडे कुठे नव्हती. तळ्याचं पाणी ओझोनने शुद्ध करूनच टाक्यांत घ्यायचं. ओझोन तयार करायला हजारो व्होल्ट लागतात, ते हा कपाटाएवढा कन्व्हर्टर द्यायचा. तो बंद पडला की झडप आपोआप मिटायची. कच्चं पाणी आत घेतलं आणि एका टाकीत रोग शिरला, तर आठही टाक्यांतली पिलं मारून टाकायची, असा नियम होता. वंश मिसळू नयेत म्हणून एका टाकीतली पिलं दुसरीत टाकायलाही बंदी होती.

"पस्तीसवर ठेवलं तर टिकतंय," तोरुन म्हणाली. "पण तेवढ्यावर पाणी पहिल्या सहा टाक्यांनाच पुरेल."

"म्हणजे सात आणि आठला ताजं पाणी नाही." एइलिफने टोपी काढून हातात घेतली. "ऑक्सिजनचा सिलिंडर एकच उरलाय, तोरुन. आठमध्ये चारशे पिलं आहेत. सातमध्ये साठच, पण नदीतल्या धबधब्याच्या वरच्या अंगाची तेवढीच उरलीत. तुला किती वेळ लागेल, ते खरं सांग."

तोरुनने घड्याळ पाहिलं. आठ वाजून गेले होते. अॅल्युमिनियमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिने याहून दांडगी यंत्रं ताळ्यावर आणली होती. कंट्रोल कार्ड बिघडलंय याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती आणि नवं कार्ड खणात होतं.

"तासभर," ती म्हणाली.

"सातमधली तासभर तग धरतील. सिलिंडर आठला लावतो."

नवं कार्ड बसलं. आकडा चाळिशीला पोचला, खटकन बंद. मग तिने वीज साठवणारे मोठे कपॅसिटर बदलले. खटकन. मग वीज तोडजोड करणारे ट्रान्झिस्टर एकेक करून तपासले. सगळे धडधाकट. भार नसताना यंत्र शहाण्यासारखं वागायचं, कामाला जुंपलं की मान टाकायचं. जर्मनीत कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, गुरुवारी कुणीतरी येईल. आज मंगळवार होता.

दर चाचणीला सहाही टाक्यांचं पाणी थांबायचं, म्हणून दोन चाचण्यांमध्ये वीस मिनिटं वाट पाहावी लागायची. ती वीस मिनिटं तिला खायला उठायची. भिंतीपलीकडे एइलिफ सातव्या टाकीचं पाणी बादलीने उपसून उंचावरून परत ओतत होता, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. त्या ओतण्याचा आवाज थांबत नव्हता.

दहाच्या सुमारास तो परत दारात आला. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

"वरती येऊन तोंड उघडतायत," तो म्हणाला.

"सिलिंडर सातला लाव ना."

"आता काढला तर आठवाली जातील. तू तासभर म्हणालीस."

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो गेला. ती यंत्रासमोर फरशीवर बसली. पाना बाजूला ठेवला. आपल्याला काहीच येत नाही, सव्वीस वर्षं नशिबाने निभावलं, असं पहिल्यांदाच मनात आलं.

मग निव्वळ दुसरं काही सुचेना म्हणून तिने करंट मोजायचा चिमटा जाड केबलला लावला आणि बटण दाबलं. यंत्र बंद पडलं. चिमट्यावरचा आकडा मर्यादेच्या निम्माही नव्हता.

ती बघतच राहिली. भार वाढलेलाच नाही. मग वाढला असं यंत्राला सांगतंय कोण?

भाराची खबर कार्डाला देणारी एक बारीक करडी वायर होती. तिने ती बोटाने चाचपत नेली. ट्रान्सफॉर्मरच्या मागे ती वायर जाड केबलला घट्ट आवळून बांधलेली होती. हातभर अंतरात तीन पांढऱ्या पट्ट्या, टोकं नीट कापलेली. अशी बांधणी तिचीच. ऑक्टोबरमध्ये पंखा बदलताना लोंबतं ते बरं दिसत नाही म्हणून तिनेच बांधलं होतं. हिवाळाभर यंत्र पंचविसावर चाललं, काही जाणवलं नाही. आता पिलं वाढली, पाणी वाढवलं, तशी जाड केबलची धडधड बारीक वायरीत उतरायला लागली आणि कार्ड घाबरून वीज तोडायला लागलं.

तिने पट्ट्या कापल्या, वायरीला पीळ दिला, कपाटाच्या दुसऱ्या कडेने नेली. बटण दाबलं. चाळीस. साठ. नव्वद. झडपा उघडल्याचा आवाज पाइपातून धावत गेला.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सातव्या टाकीत पाणी उसळत होतं आणि पिलं त्याच्याबरोबर गोल फिरत होती, पोटं वर करून. एइलिफ जाळी घेऊन उभा होता.

"एइलिफ, माझी चूक," ती म्हणाली. "वायर मीच बांधली होती. आणि तासभर म्हणाले, तेव्हा मला खरं तर माहीत नव्हतं."

त्याने जाळी टाकीच्या काठावर टेकवली. "लहानपणी बाबा मला त्या धबधब्यावर न्यायचे," तो म्हणाला. "वरचे मासे आखूड, पाठीला रुंद. लांबूनसुद्धा ओळखू यायचे."

मग त्याने दुसरी जाळी तिच्या हातात दिली. दोघांनी मिळून टाकी रिकामी केली. नऊ पिलं अजून कल्ले हलवत होती. ती वेगळ्या बादलीत घेतली. संध्याकाळपर्यंत त्यातली चार राहिली.

तोरुनने अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं, स्वतःच्या नावासकट. कुणी तिला काढलं नाही. चार वर्षांनी नदी मोकळी झाली तेव्हा सात टाक्यांच्या वंशाची पिलं खालच्या पात्रात सोडली. वरच्या अंगाच्या चारांपैकी एकच मादी मोठी झाली होती. तिची अंडी खालच्या नराशी फळवून जी निपजली, ती एइलिफने पाठीवरच्या पिशवीतून धबधब्याच्या वर नेली. तोरुन त्याच्या मागे दुसरी पिशवी घेऊन चढत होती.