पंजा वर करा!

काय सांगू मंडळी, मी एकदा मेलो होतो! हसू नका. चांगली पाच मिनिटं मेलो होतो, तेही ऐन चहाच्या वेळेला.

माझा खुबा झिजला होता. आमच्या माले गावातून उठून पुण्याला गेलो, नवा बसवून घ्यायला. डॉक्टर वयानं तरणे, बोलायला गोड. म्हणाले, "काका, खुब्याच्या मागून बोटाएवढी जाड नस जाते, पुढून मोठी रक्तवाहिनी. दोन्ही जपूनच काम करतो. पण नस दुखावली, तर पाय जन्मभर फरफटत न्यावा लागतो. म्हणून ऑपरेशननंतर मी सांगितलं की लगेच पंजा वर करायचा. झाला वर, म्हणजे नस शाबूत."

एवढंच ना? दोन दिवस खाटेवर बसून तालीम केली. उजवा पंजा वर, खाली, वर.

आमची बायको शालन म्हणाली, "कुणाला आशीर्वाद देताय?"

"नस राखतोय, गप."

झालं ऑपरेशन. डोळे उघडले तर तोंडापुढं हिरवा पडदा. पलीकडं डॉक्टर आणि सिस्टर, इकडं मी एकटा. गारठा असा, की हाडं वाजावीत. कमरेत भुलीची सुई दिलेली, त्यामुळं कमरेखाली मी होतो की नाही, मलाच ठाऊक नव्हतं.

"काका, सुईचा असर उतरलाय. पंजा वर करा."

केला.

"करा ना, काका!"

अहो, ताठ केलाय! बोटंसुद्धा पसरलीत!

पलीकडं कुजबुज. मग डॉक्टरांचा आवाज, पार वाळलेला. "सिस्टर, पंजा हलत नाहीये."

माझ्या अंगावर सर्रकन काटा! मी हात हलवतोय आणि यांना दिसत नाही? ओरडायला गेलो, तर कोरड्या घशातून नुसती हवा. आणि आठवलं. पारावर बसून मीच सांगतो ना, मेलेल्याला आधी कळतच न्हाई. तो हाका मारतो, हात करतो, कुणाला दिसत न्हाई! आयुष्यभर थापा मारल्या, त्यातली नेमकी हीच खरी निघावी?

डॉक्टरांनी शालनला आत बोलावलं. "मावशी, तुम्ही सांगून बघा." ती रडवेली होऊन माझ्या उशाशी आली, आणि थबकली.

"आवं, ह्यो टाटा कुणाला करताय?"

"मी... दिसतोय तुला?" घशातून कसाबसा आवाज निघाला.

"म्हशीएवढं दिसताय! डॉक्टर पायाचा पंजा म्हणत्यात, हाताचा न्हाई!"

पायाचा? मी जोर लावला. पडद्यापलीकडं डॉक्टरांनी एवढा मोठा श्वास सोडला, की पडदा हलला. "शाबूत आहे नस!"

तरी माझी खात्री पटेना. शालनला जवळ ओढून हळूच विचारलं, "नीट बघून सांग. पावलं सरळ हायेत का उलटी?"

ती पडद्यापलीकडं डोकावली.

"पावलं सरळच हायेत. उलटं हाय ते डोकं, पर त्ये हितं बदलून मिळत न्हाई."