लिंबावर चढलेली जुई

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुईची फांदी मातीत दाबणं. सकाळची वेळ. घरामागच्या कडुलिंबाच्या सावलीतून तिनं एक लांब फांदी उन्हाकडं ओढली, सुरीनं जरा साल खरवडली. मी खुरप्यानं चर काढला.

"खोल काढा की. तुमच्या हातानं कवा काय रुजलंय?" बायको म्हणाली.

"तीन पोरं रुजली की," मी म्हणालो. पदर तोंडाला लावून हसली. फांदीवर माती ओढली, वर दगड ठेवला. मुळ्या फुटल्या की तोडून वेगळी लावायची.

ही जुई तिनं माहेराहून, तेरहून आणलेली, एसटीत मांडीवर, ओल्या फडक्यात गुंडाळून. भूकंपानंतर सास्तूरला नवं घर मिळालं तवा अंगण म्हणजे नुसतं माळरान. सावली पाहिजे म्हणून मी लिंब लावला, तिनं त्याच्या बुडाशी जुई. लिंब लई माजला, खाली ऊन येईना. जुई उजेड हुडकत शेंड्याला गेली आणि फुलायची ती तिथंच. वास सगळ्या गल्लीला, आमच्या वाट्याला मात्र सकाळी गळालेली फुलं. ती पदरात वेचायची, पण पडलेलं फूल देवाला चालत नाही. मी म्हणायचो, देवाला काय कळतंय, वाहून टाक. तिला पटायचं नाही. इतक्या वर्षांत स्वतःच्या जुईचं एक फूल तिनं देवाला वाहिलं नाही. म्हणून हाताशी येईल अशी एक जुई तिला उन्हात पाहिजे होती.

दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

माणसं जमली. तिच्या अंघोळीचं पाणी तापवायला मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. तिसरा दगड कुणीतरी फांदीवरचा उचलला. मी बघत होतो. दारात बायका रडत असताना वेलाचं काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मागं गेलो. फांदी मातीतून उसळून वर आलेली, खरवडलेली जागा सुकलेली. पुन्हा चर काढायला बसलो. थोरला पोरगा मागून आला, म्हणाला, "अण्णा, आजचा दिवस राहू द्या."

"राहू दिली तर वाळंल. वीट आण."

त्यानं वीट आणली. मी साल नव्यानं खरवडली, फांदी खाली दाबली, माती लोटली, वीट ठेवली आणि तांब्याभर पाणी घातलं.