लुंबिनी फाटा

गाव कोणतं, असं कुणी विचारलं की मी सरळ ‘लुंबिनी’ सांगते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसते. तो आधी माझ्या नाकाकडे पाहतो, मग डोळ्यांकडे. नेपाळची दिसत तर नाही, हे त्याच्या मनात चाललेलं मला स्पष्ट वाचता येतं. थोडा वेळ त्याला तसंच लटकत ठेवून मी सांगते, नेपाळातली नव्हे हो, मोताळा तालुक्यातली. हा खोडसाळपणा मी या वयातही सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. त्या नावासाठी माझ्या आईनं जेवढं तोंड वाजवलं, तेवढं तिनं माझ्या लग्नातही वाजवलं नव्हतं.

आमचं मूळ गाव वडगाव. वडाचं झाड गावात औषधालाही सापडायचं नाही, पण नाव वडगाव. गाव वर टेकाडावर, आणि आमची वस्ती खाली, नाल्याच्या अलीकडे सडकेला लागून. वस्तीच्या तोंडाशी एक मोठं लिमाचं, म्हणजे कडुनिंबाचं झाड होतं, मोताळ्याची बस तिथेच थांबायची. वस्तीला स्वतःचं नाव नव्हतं. जातीचा शब्द आणि त्याला जोडलेला ‘वाडा’, एवढीच आमची ओळख. कंडक्टर भर गाडीत तोच शब्द ओरडायचा आणि आमची माणसं माना खाली घालून उतरायची. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. तो उच्चारणारे पुष्कळ होते, माझी मदत नको.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी अगदी लहान होते. घरातले देव गेले, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं. आईनं वरच्या गावातल्या माणसांना ‘मालक’ म्हणणं सोडलं. सरपंचांनाही ती ‘भाऊ’ म्हणू लागली. सरपंच मोठे शेतकरी, त्यांना ते सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली. वस्तीचा जुना शब्द मात्र चिकटून राहिला होता.

मग एका संध्याकाळी लिमाखाली बैठक बसली. खामगावकडचे एक गुरुजी आले होते. ते बुद्धाच्या आयुष्यातल्या गावांची नावं सांगत होते आणि त्यातलं एक आम्हाला निवडायचं होतं. पुरुषांना दणदणीत नाव हवं होतं. कुणी राजगृह म्हणालं, कुणी नालंदा. माझे वडील सांची म्हणाले, कारण ते म्हणायला सोपं. बायका जरा बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या. गुरुजी सांगत होते की बुद्धाची आई, ती राणी, बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती, वाटेत लुंबिनी वनात तिला कळा सुरू झाल्या आणि झाडाची फांदी धरून ती तिथेच बाळंत झाली. बायकांचे हात थांबले.

“म्हंजे रानीलेबी माहेर गाठता आलं नाई?” आईनं विचारलं.

“नाही, बाई.”

आई खाली मान घालून हसली. मला पोटात घेऊन ती अशीच माहेरी निघाली होती आणि जेमतेम या लिमापर्यंत पोचली होती. वडील बैलगाडी मागायला वर गावात गेले, ते गाडी घेऊन परत येईपर्यंत मी जगात आले होते. आणि मी काही एकटी नव्हते. वस्तीत कुणाचा मुलगा कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर झालेला, कुणाची मुलगी तुरीच्या शेतात. राजगृह, नालंदा ही बायकांना लांबची गावं वाटत होती. लुंबिनीची गोष्ट त्यांच्या घरातली होती. “हेच नाव ठेवा,” आई म्हणाली, आणि तिच्यामागून सगळ्या जणी म्हणाल्या. पुरुष थोडे कुरकुरले, पण गुरुजींनाच ते आवडून गेलं, त्यामुळे कुणाचं काही चाललं नाही.

नाव ठरलं, पण ते लोकांच्या तोंडात बसेना. आमच्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर लुंबिनीची लिंबोनी झाली. वरच्या गावाला तर ते सोयीचंच झालं. लिंबोनी म्हणजे लिमाचं झाड, झाड तर समोर उभंच होतं, झाडावरून नाव पडायची आपल्याकडे रीत आहे. हिवराच्या झाडावरून हिवरा, पिंपळावरून पिंपळगाव, तशी ही लिंबोनी. कंडक्टरही ‘चला, लिंबोनीवाले’ म्हणू लागले. जुना शब्द गेला म्हणून वडील खूश होते. आई मात्र दर वेळी पायरीवरून उतरताना मागे वळून सांगायची, “लिंबोनी नाई, लुंबिनी.” कंडक्टर घंटीची दोरी ओढायचा आणि गाडी निघून जायची.

पुढे मी मोताळ्याच्या शाळेत जाऊ लागले. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात ते नव्हतं, भूगोलाच्या सरांनी लाल पेन्सिलीनं त्याची हद्द आखली होती. एकदा सरांनी जगाचा नकाशा टांगला आणि इंग्लंडातलं लंडन दाखवून छडी उचलली ती कॅनडातल्या लंडनवर ठेवली. आम्ही चाट पडलो. सर म्हणाले, इंग्लंडची माणसं जहाजांत बसून अमेरिकेत गेली, कॅनडात गेली, ऑस्ट्रेलियात गेली, आणि जिथे उतरली तिथे आपल्या मागच्या गावांची नावं ठेवत गेली. परक्या मुलखात घरचं नाव कानावर पडलं की बरं वाटतं. मग त्यांनी विचारलं, आपल्याकडे अशी गावं कोणती? वर्गात नुसता बाजार भरला. चिखल्या निघाल्या, मलकापुरं निघाली, खानदेशातलं जळगाव आणि आपलं जामोदचं जळगाव निघालं. मी हात वर करून म्हणाले, “लुंबिनी.”

“ती नेपाळात आहे,” सर म्हणाले.

“आमचीपण आहे, सर. फाट्यावर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं, “तुमची माणसं नेपाळातून आली का?” मी बसले आणि कान गरम झालेले मला तास संपेपर्यंत जाणवत होते.

घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा शेजारची काकू चुलीपाशी बसली होती. “नेपाळात बी लुंबिनी हाय?” ती म्हणाली. “मंग त्यायनं बी आपलंच नाव ठेवलं म्हना.” आम्ही पोट धरून हसलो. आई भाकरी थापत होती, ती हसली नाही. सरांचा प्रश्न तिनं मला पुन्हा एकदा सांगायला लावला.

त्याच वर्षी ग्रामपंचायतीनं सडकेवर पाट्या लावायचं ठरवलं. मोताळ्याहून पेंटर आला. सरपंच त्याला घेऊन लिमाखाली आले आणि खाटेवर बसून म्हणाले, “लिही, लिंबोनी.” वस्तीतली चार माणसं उभी होती, त्यांत वडीलही होते. पाटी एकदा रंगली की नाव कायमचं झालं, हे त्यांनाही कळत होतं; पण जुना शब्द पुसला जातोय, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. आई शेतातून येत होती. डोक्यावरचा भारा तिनं तिथेच टाकला.

“भाऊ, लिंबोनी हे झाडाचं नाव हाय. आमचं लुंबिनी हाय.”

“अवो बाई, लुंबिनी तिकडं नेपाळात हाय. एका नावाचे दोन गावं कायले पाह्यजेत?”

“मंग वडगाव किती हायेत?”

सरपंचांचे वाडवडील खानदेशातल्या वडगावहून आले होते, आणि तिथे केवढा वड आहे, हे ते स्वतःच प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगायचे.

“ते अलग हाय,” ते म्हणाले. “आमचे वाडवडील तिथून आले, म्हून त्यायनं इथं ते नाव ठेवलं. तुमचे कोनी नेपाळातून आले काय?”

तोच प्रश्न. मी दप्तर घेऊन तिथेच उभी होते, माझे कान पुन्हा तापले. आईनं पदरानं तोंड पुसलं.

“नाई आले. तुमी तिथून आले म्हून तुमी त्या गावाचं नाव ठेवलं. आमी आता तिकडं जायाले निघालो, म्हून आमी ठेवलं.”

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. मला आठवतं, मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं की ही माझी आई आहे. तेव्हा ओरडले नाही. आता लिहिते आहे.

सरपंच वाईट माणूस नव्हते, पण इतक्या लोकांसमोर लगेच वाकणारेही नव्हते. “ह्या सरकारनं दोन-चार वर्सात राज्याचं नाव कितीदा बदललं, तरी लोकायच्या तोंडी अजून वऱ्हाडच हाय,” ते म्हणाले. “लोकं जे म्हनतात तेच पाटीवर लिहा लागते. लोकायच्या तोंडून लुंबिनी निघू द्या, मी सोता पाटी लावतो.” पेंटरला घेऊन ते वर निघून गेले. पाटी कोरी राहिली.

मग आईनं जे आरंभलं त्याला तोड नाही. कापूस वेचायला बायका ओळीनं लागल्या की ती एकेकीकडून नाव म्हणवून घ्यायची. लुं म्हण, बि म्हण, नी म्हण. एका म्हातारीचे पुढचे दात गेले होते, तिच्या तोंडून ते निघता निघेना. तिला आई म्हणायची, तू नुस्ती मान हालव, मी म्हनतो. मोताळ्याच्या बाजारात आई हिरवी मिरची विकायला बसायची. कुठून आल्या बाई, असं गिऱ्हाइकानं विचारलं की लुंबिनीहून. शेजारचा कांदेवाला तिला नेपाळवाली म्हणू लागला आणि ‘घ्या, नेपाळची मिर्ची घ्या’ म्हणून तिच्या वतीनं ओरडूही लागला. आईला त्याचा राग आला नाही. उलट मिरची लवकर खपायची, असं ती सांगायची.

खरी लढाई बसमध्ये होती. ‘लुंबिनी एक’ म्हटलं की कंडक्टर म्हणायचा, असा थांबा नाही. “मंग लिमाच्या झाडाचं द्या, पर उतरतो आमी लुंबिनीले,” असं म्हणून आई जागेवर बसायची. तिच्या मागची बाई तेच म्हणायची, तिच्या मागचीही तेच. मीसुद्धा शाळेतून येताना तेच म्हणत होते, आणि आता माझी मान खाली जात नव्हती.

पावसाळा सरून शेतात ज्वारी उभी राहिली होती तेव्हाची ही गोष्ट. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. आई आणि मी मागच्या बाजूला टोपल्यांमध्ये अडकून बसलो होतो. सरपंच पुढच्या बाकावर होते. मोताळ्याच्या कचेरीतलं काम उरकून ते परत निघाले होते. लिमाचं झाड दिसू लागलं. कंडक्टर रोजचाच, आमच्या बायकांनी पुरता बेजार केलेला. त्यानं तिकिटाच्या पेटीवर पंच वाजवला आणि वर न बघताच म्हणाला, “चला, लुंबिनीवाले उतरा.”

मी टोपली उचलली. आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. गाडी थांबली. कुणीच उठेना, तसा कंडक्टर मागे बघू लागला.

“काय म्हनले, दादा?” आई म्हणाली. “मले आयकू नाई आलं.”

“लुंबिनी, मावशी, लुंबिनी आली,” तो वैतागून ओरडला. “आता उतरा की.”

तेव्हा आई उठली. पदर सारखा केला, टोपली डोक्यावर घेतली आणि इतक्या सावकाश पुढे गेली की मागची माणसं कुरकुरू लागली. सरपंचांच्या बाकापाशी ती थांबली.

“भाऊ, तुमाले आलं नं आयकू?”

सरपंच खिडकीबाहेर बघत होते. मिशीतल्या मिशीत हसू दाबत ते म्हणाले, “आलं वो माय. साऱ्या गाडीले आलं.”