मास्तरांच्या यादीतली सहावी ओळ

आधी आली ती शेजारची काशी, आणि तीही ओल्या हातांनी. नदीवर धुणं अर्धं टाकून पळत आलेली. मारुतीच्या देवळापाशी मोटार थांबलीय, आत दोन साहेब हायत, एकानं गळ्यात टाय बांधलाय, आणि शाळेचे मास्तर सायकलीवर पुढं होऊन वाट दाखवत आपल्याच आळीला वळलेत, हे तिनं एका दमात सांगितलं. मग माझ्या अंगणात नजर टाकून म्हणाली, "काकी, आज भांडी लई चकाकतायत गं."

भांडी चकाकत होती हे खरं. श्री. सदाशिवराव माटेकर मास्तरांची आणि माझी ओळख त्या दिवशी झाली, आणि ती त्या भांड्यांवरूनच झाली. मास्तरांना यंदा साठ वर्षं पुरी होतात म्हणून शाळेची मंडळी ग्रंथ काढत आहेत. त्यात शिकलेल्या माणसांनी मास्तरांच्या अध्यापनाविषयी लिहिलंच असेल. मी तिसरीतून काढलेली बाई. मला सांगता येईल ते एवढंच, की चिंचवडातल्या आमच्या घरी मास्तर कशाला आले आणि पुढं काय झालं.

तेव्हा पिंपरीचा औषधाचा कारखाना नवा होता. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी कारखान्याच्या साहेबांशी बोलून असं ठरवलं होतं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या सहा मुलांनी महिनाभर तिथल्या प्रयोगशाळेत जायचं, काम बघायचं, हातानं करायचं. पगार नाही, मार्क नाहीत. लोकांना हे कळत नव्हतं. माझा मुलगा शंकर खडकीला कारखान्यात कामाला. तोही म्हणाला की मार्क नाहीत आणि पैसे नाहीत, मग ते शिक्षण कसलं? पण त्याची मुलगी, माझी नात शालन, नववीत होती आणि तिनं मनात घेतलं होतं.

सहांत नाव यायला मास्तरांची अट होती. प्रत्येकानं आपल्या घरी एक प्रयोग लावायचा, दहा दिवस रोज बघायचा, दिसेल ते वहीत लिहायचं, आणि दहाव्या दिवशी मास्तर नि कारखान्याचे साहेब घरी येऊन तो बघणार. शाळेत का नाही, तर शाळेत मुलं बाईंच्या आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघून लिहितात, असं मास्तरांचं म्हणणं.

शालननं बाजरीच्या भाकरीचे चार तुकडे घेतले. एक कोरडा, एक रोज पाणी शिंपडलेला, एक मिठाच्या पाण्यात भिजवलेला, एक तेल चोपडलेला. जात्यामागच्या कोपऱ्यात पाटावर ते मांडले आणि वर चार वाट्या उपड्या घातल्या. मला सांगितलं, आजी, तिकडं हात लावू नकोस. मी नऊ दिवस लावला नाही. वास यायचा, तरी लावला नाही.

दहाव्या दिवशी मात्र पाहुणे यायचे होते. आमच्याकडे पाहुणे यायचे म्हणजे काय करतात ते मी सांगायला नको. शालन सकाळच्या शाळेला गेली होती. मी घर सारवलं, उंबरा धुतला, माळ्यावरची धूळ काढली. आणि जात्यामागं वाकले तेव्हा मनात आलं, पाहुण्यांपुढं वही ठेवायची, कुजकं कशाला ठेवायचं? चारी तुकडे उकिरड्यावर टाकले आणि वाट्या राखेनं घासून उन्हात पालथ्या घातल्या.

शालन आली. अंगणातल्या वाट्या तिनं पाहिल्या. ती रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही, आणि ते मला जास्त लागलं. आत जाऊन वही घेऊन बसली. तेवढ्यात काशी मोटारीची बातमी घेऊन आलेली. तिला काय झालं ते सांगितलं तर ती म्हणाली, त्यात काय एवढं. "माज्याकडं चार दिसाची भाकर हाय, हिरवीगार झालीया. आणते, ठिवा वाटीखाली. साहेबाला काय कळतंय कुणाची भाकर?"

मी कबूल करते, मी तिला जा म्हणाले. ती दोन भाकरी घेऊनही आली. शालननं मान वर न करता सांगितलं, "काशीकाकी, ती तुमची भाकरी आहे. माझी नाही."

एवढ्यात दारात सायकल टेकली.

मास्तर उंच, सडपातळ, धोतर नि कोट, कोटाच्या खिशात खडूची पांढरी धूळ. त्यांनी आधी मला नमस्कार केला आणि मग विचारलं की प्रयोग कुठं आहे. काशी भाकरी पाठीमागं लपवून उभी. शालननं उठून वही त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी शेवटचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं: "दहावा दिवस. आजीने भांडी घासली. तुकडे उकिरड्यावर गेले. आज काही दिसले नाही."

टायवाले साहेब हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "आजीबाई, टाकताना तुम्ही तुकडे पाहिले होते का?"

मी म्हटलं, पाहिले तर, हातानं उचलले ना. मग त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली, कोर्टात विचारतात तसं. ओल्या तुकड्याला काय होतं? मी म्हटलं, काळे केस होते, खाली हिरवट. तेलाच्या? कडेला दोन ठिपके. कोरडा वाकडा झाला होता, बाकी काही नाही. मिठाचा स्वच्छ. मीठ असलं की बुरशी धरत नाही हे मला आधीच ठाऊक होतं, उगीच का लोणच्यात मीठ घालतो? मास्तरांनी शालनला ते सगळं लिहायला लावलं आणि पुढं लिहायला सांगितलं, "हे आजीने पाहिले, मी पाहिले नाही."

मला वाटलं सुटले. पण टायवाले साहेब म्हणाले की मुलगी हुशार दिसते, पण आम्ही जे पाहिलं नाही ते आम्हांला धरता येणार नाही.

"धरू नका," मास्तर म्हणाले.

मला त्यांचा राग आला. आपल्या शाळेची मुलगी, दोन शब्द टाकायला काय जात होतं? साहेबांनी विचारलं, यादी तर शनिवारी जायची, मग कसं करणार? मास्तरांनी खिशातून कागद काढला. त्यावर पाच नावं होती.

"पाच नावं शनिवारी जातील. सहावी ओळ मी मोकळी ठेवतो. ही पुन्हा प्रयोग लावेल. दहा दिवसांनी आपण पुन्हा येऊ."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पाचच मुलं येतील. ती ओळ दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि हिलाही फुकट देणार नाही."

पुढं गावातल्या एका बड्या माणसानं आपल्या भाच्यासाठी ती ओळ मागितली आणि मास्तरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं, असं म्हणतात. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. असं वेगळं सांगायची सवयही मास्तरांचीच. काशीनं एकदा त्यांच्यापुढं कुणाच्या घरचं भांडण काढलं, तर त्यांनी विचारलं, तुम्ही पाहिलंत की ऐकलंत? तेव्हापासून काशी बातमी सांगताना आधी "हे ऐकीव हाय हं" म्हणते. बातम्या कमी झाल्या नाहीत, पण त्यांची प्रतवारी लागली.

त्या दिवशी निघताना मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "आजीबाई, या खेपेला तुम्हीही लिहा. वहीच्या मागल्या बाजूनं. तिचं बघून लिहायचं नाही."

तिसरीनंतर मी काही लिहिलं नव्हतं. वाण्याची यादीसुद्धा तोंडीच सांगायची. पण मास्तरांनी सांगितलं म्हणून रोज तिन्हीसांजेच्या आत जात्यामागं जाऊन वाट्या उचलायच्या, बघायचं आणि लिहायचं. दुसरा दिवस, काही नाही. तिसरा दिवस, पांढरा कापूस. चौथ्या दिवशी मांजर आलं, त्याला हाकललं, तेही लिहिलं. सहाव्या दिवशी शालननं हिरवं लिहिलं आणि मी निळं लिहिलं. यावर आमचं भांडण झालं. शंकर म्हणाला, शाळेत शिकणाऱ्या पोरीचं खरं धर, आई. मी धरलं नाही. शालननं मास्तरांना सांगितलं तर ते भर उन्हात सायकलीवर आले. आधी दाराजवळच्या उजेडात बघितलं, मग कोपऱ्यात बघितलं, आणि म्हणाले की दोघींचंही खोडू नका, कुठं उभं राहून बघितलं ते पुढं लिहा. पाणी प्यायले आणि गेले. एका रंगासाठी माणूस दोन मैल सायकल मारतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

साहेब सांगितल्या दिवशी आले. मी घर सारवलं नव्हतं. त्यांनी वाट्या उचलून बघितल्या, शालनची वही वाचली, मागून माझीही वाचली आणि मांजरापाशी थांबून पुन्हा हसले. मास्तरांनी आमच्या उंबऱ्यावर बसून सहाव्या ओळीत शालनचं नाव लिहिलं.

मे महिना ती रोज पिंपरीला गेली. पहिले तीन दिवस सहाही मुलांना बाटल्या धुवायला लावलं. पालकांत कुरबुर झाली, की पोरं भांडी घासायला नेलीत का? मास्तरांनी सांगितलं, बाटली स्वच्छ नसेल तर आत जे उगवेल ते तुमचं की आधीच्याचं, हे कसं कळणार? मला हे पटलं. आमच्या घरात घासण्यानं एक प्रयोग बुडाला होता, आता घासण्यानंच सुरू झाला. मात्र त्यानंतर शालन माझ्या वाट्या उजेडात धरून बघायला लागली, ते मला अजून आवडत नाही.

त्या महिन्यात एका रविवारी मास्तर मला कारखाना दाखवायला घेऊन गेले. मागितलं नव्हतं. त्यांनीच टांगा आणला. दारात मी वहाणा काढायला लागले तर राहू द्या म्हणाले. लुगड्यावरून मला पांढरा कोट घातला. एका नळीला डोळा लावून बघायला सांगितलं. आत बुरशी होती, पण बाभळीच्या रानासारखी दिसत होती, फांद्या, त्यांच्या टोकांना मणी. मास्तरांनी सांगितलं की हिच्याच जातीतली एक इथं मोठमोठ्या पिंपांत खाऊपिऊ घालून वाढवतात, आणि तिच्यापासून तापाच्या रोग्याचं औषध निघतं. माझा धाकटा भाऊ तापानं गेला तेव्हा असं काही नव्हतं. मी बराच वेळ नळीला डोळा लावून राहिले. मास्तरांनी घाई केली नाही. मागं उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी हळूच बाजूला थांबवलं, हे मला नंतर शालननं सांगितलं.

शालन आता पुण्याला कॉलेजात विज्ञान शिकते. हा लेख ती लिहून द्यायला तयार होती. मास्तरांनी निरोप पाठवला की आजीबाईंचं आजीबाईंनीच लिहावं, नातीचं बघून नाही. म्हणून हे वेडंवाकडं.

मास्तर रागीट आहेत असं काही जण म्हणतात. ते दुसरा कप चहा घेत नाहीत हे मी पाहिलं आहे. शिफारस करत नाहीत हेही पाहिलं आहे. पण जो चुकला त्याला पुन्हा मांडायला दहा दिवस देतात, आणि तेवढे दिवस त्याची जागा धरून ठेवतात. हे करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ऐकलाही नाही.

मास्तरांचे गुडघे सायकल मारण्याइतके धड राहोत, डोळे हिरव्या-निळ्यातला फरक दिसण्याइतके, आणि आमच्या आळीतल्या पोरींना पोरी होईपर्यंत त्यांच्या यादीत एक ओळ मोकळी राहो, एवढं मी देवापाशी मागते. यंदा शालनची धाकटी बहीण नववीत आहे. जात्यामागं तिच्या पाच वाट्या उपड्या आहेत, एक तिनं वाढवली आहे. आता ते दोनदा येतात; काल मास्तर आणि तेच साहेब येऊन वहीची पहिली पानं बघून गेले. दुसऱ्यांदा येत्या गुरुवारी सकाळी येतो म्हणाले आहेत. गुरुवारपर्यंत केरसुणी काशीच्या घरी ठेवली आहे.