मामेसासऱ्यांनी न केलेली सही

आमच्या मामेसासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. वीज कंपनीच्या चोरी पकडणाऱ्या पथकात त्यांनी हयात घालवली, आणि ड्यूटी कधी संपते हे त्यांना निवृत्तीपर्यंत कळलं नाही. लग्नाआधी मुलीकडचे सगळे मला बघायला आमच्या वर्तकनगरच्या घरी आले तेव्हा बाकीचे पोहे खात होते आणि हे जिन्याखाली बॅटरी लावून आमच्या मीटरचं सील तपासत होते. वर येऊन सासऱ्यांना म्हणाले, "देऊन टाका मुलगी. घर सरळ आहे." त्यांच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण होकायंत्र असायचंच, कारण मीटर मंद करायला जवळ चुंबक दडवलेला असला की त्याची सुई भरकटते. बाळकुमच्या एका बंगल्यात मीटरच्या पेटीला घातलेल्या झेंडूच्या हारातून त्यांनी मुठीएवढा चुंबक बाहेर काढला. मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, श्रद्धा आहे आमची." मामा म्हणाले, "श्रद्धेने सुई हलत नाही."

अशा माणसाने एकदा सही करायला साफ नकार दिला. कोपरीत एक विधवा बाई पिठाची गिरणी चालवायची. तिच्या मीटरचं सील तुटलेलं, वापर अचानक निम्म्यावर आलेला. मामांच्या साहेबांनी तिथेच चोरीचा पंचनामा लिहून काढला. बाई रडकुंडीला आली. "नवरा गेल्यापासून सकाळचीच गिरणी लावते हो. मी हातपण नाही लावला त्याला."

"तुम्ही बोलू नका, बाई. मीटरला बोलू द्या," मामा म्हणाले, आणि त्यांनी मीटरला यंत्र जोडून आतली माहिती उतरवून घेतली. इलेक्ट्रॉनिक मीटरचं झाकण उघडलं की तारीखवेळेसकट आत नोंद होते. इथे एकही नोंद नव्हती. वापर घसरला होता तो नवरा गेला त्याच महिन्यापासून. सीलची तार नुसती गंजून तुटली होती.

"सील तुटलंय ना? मग सही करा," साहेब म्हणाले. "आजवर कोणाला सोडलं नाहीत, आजच काय झालं?"

"आजवर मीटरच्या शब्दावर लोकांना पकडलं. आज त्याच्याच शब्दावर सोडतोय. सही होणार नाही."

"बदली होईल."

"करा. डबा तिथेही खाता येतो."

बाईवरचं प्रकरण मिटलं, आणि मामांची रवानगी कल्याणला झाली, जुन्या फायलींच्या खोलीत. निवृत्त होईपर्यंत एकही मीटर त्यांच्या नजरेला पडलं नाही. बाई एकदा भाजणीचा डबा घेऊन घरी आली, तर दारातच म्हणाले, "मी तुमच्यासाठी काही केलं नाही. मीटरने सांगितलं ते ऐकलं." डबा परत गेला. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत.

परवा मी सहज विचारलं, "मामा, मीटरला यंत्र जोडायच्या आधी त्या बाईचं खरं वाटलं होतं का हो तुम्हाला?"



"वाटलं होतं, जावईबापू," ते हळूच म्हणाले, "पण ते पंचनाम्यात कुठे लिहायचं?"