मोत्याच्या बिस्किटांवरची खूण

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. घरात बसवेना, म्हणून सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

माझी पत्नी सुशीला गेल्यापासून आमच्या मोत्यानं खाणं जवळजवळ सोडलंय. भाकर हुंगतो अन् मान फिरवतो. दर दिवाळीला ती पीठ-तूप घेऊन भट्टीवर बिस्किटं भाजायला जायची, तेव्हा मोत्यासाठी बिनसाखरेची वेगळी करायची. ती घरच्या बिस्किटांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर अंगठा दाबायची.

आज ज्वारीचं पीठ अन् तूप घेऊन मीच हिंगोलीच्या भट्टीवर गेलो.

"गुरुजी, कुत्र्याला एवढं तूप? आमाला कधी न्हाई खाऊ घातलं!" भट्टीवाले रशीदभाई हसले. मग माझा ट्रे बघून थांबले. "खूण न्हाई केली? भाभी तर करायच्या."

"सगळी त्याचीच हायेत. मिसळतील कशात?"

"तरी करा. त्याला वळखू येऊ द्या."

मी एकेकावर अंगठा दाबत गेलो. आयुष्यभर पोरांकडून विरहाच्या कविता पाठ करून घेतल्या, पण तिथं एक ओळ आठवेना.

घरी आल्यावर मोत्यापुढं दोन बिस्किटं ठेवली. त्यानं आधी अंगठ्याचा खळगा चाटला. मग ते बिस्किट सगळं खाल्लं. माझ्या जिवात जीव आला.

दुसरं मात्र त्यानं तोंडात धरून नेलं, सुशीलाच्या रिकाम्या बाजेखाली ठेवलं आणि दाराकडं बघत बसला.

मी निघालो तेव्हाही ते तिथंच होतं. तुम्ही उचललं असतं का हो?