मालक, डीएससी एकेचाळीस

चांगदेवभाऊ आमच्या शेजारचे. पस्तिशीत काचबिंदूनं डोळे गेले, पण यात्रेतला माईक त्यांनी सोडला नाही. बैलगाडा शर्यतीत दर बारीला, म्हणजे गाड्याच्या प्रत्येक धावेला, गाडामालकाचं नाव, गाव आणि बैलांची नावं ते अशी खणखणीत घ्यायचे की मालक फेट्याला हात लावायचा. आमच्याकडे गाडा मागं राहिला तरी लोक पचवतात. नाव चुकलं तर वर्षभर बोलणं बंद.

गाड्यांचा क्रम यात्रेच्या वेबसाईटवर यायचा. शाळेतल्या संगणकाच्या सरांनी बनवलेली ती साईट दिसायला अगदीच साधी होती, पण भाऊंच्या बोलक्या संगणकाला सगळी वाचता यायची. इंग्रजी अक्षरांतली नावं तो गोऱ्या साहेबासारखी वाचायचा आणि भाऊ ती आपल्या वळणावर आणून पाठ करायचे. त्यांची बायको शीला भाकरी थापताना हसायची, म्हणायची, हा आवाज ऐकून बैल बुजतील.

२००८ साली यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी, चिमाजी पाटलांनी, नवी साईट आपल्या भाच्याला दिली. ऋषी पुण्यात शिकलेला. साईट उघडली की सनई, मागं शिवनेरी, वरून उधळणारा भंडारा. देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण मालक, गाव, बैल, प्रत्येकाचा वेगळा फोटो, आणि नावं त्यानं त्या फोटोतच रंगवली होती. त्या जागी भाऊंचा संगणक कॅमेऱ्यानं फोटोला दिलेला नंबर म्हणायचा, ‘डीएससी एकेचाळीस’, आणि पुढं जायचा.

भाऊ पाटलांच्या घरी गेले, सोबत मी. फोटोखाली साध्या अक्षरांत नावं टाक, एवढंच त्यांचं मागणं. ऋषी म्हणाला, लूक जातो. मग पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “काका, वेबसाईट बघायची वस्तू आहे. ज्याला दिसत नाही त्यानं माईक सोडावा.”

चिमाजी हसले. वर फर्मान काढलं की साईटवर आहे तेच वाचायचं, मनाचं एक अक्षर नको. जमत नसेल तर यंदा ऋषी बोलेल.

परतताना मी म्हटलं, नावं मी वाचून दाखवते. भाऊ वेशीपाशी थांबले.

“नको, वहिनी. साईटवर हाय तेच वाचायचं ना? तेच वाचतो.”

मला कळलं. मी अडवलं नाही. उलट शीलाला सांगितलं, माईकजवळची जागा धर.

यात्रेच्या दिवशी मानाची पहिली बारी अध्यक्षांची. पाव्हण्यांनी घाट, म्हणजे गाडे पळायचा चढ, दोन्ही अंगांनी भरला होता. भाऊंनी माईक दोन बोटांनी वाजवला आणि ठेवणीतला आवाज लावला. “घाटात येतोय मानाचा गाडा. मालक, डीएससी एकेचाळीस. गाव, डीएससी बेचाळीस. पुढची जोडी, डीएससी त्रेचाळीस आणि डीएससी चव्वेचाळीस.”

घाट हसण्यानं फुटला. गाडा सुसाट वर गेला, पण चिमाजींचं नाव कुणाच्या कानावर पडलं नाही. ते तांबडेलाल होऊन मंडपात आले.

“चांगदेव, माझं नाव कुठं गेलं?”

“अध्यक्ष, साईटवर नाय तुमचं नाव.”

“एवढा मोठा फोटो हाय की माझा.”

“फोटो बोलत न्हाई, राव.” माईक चालूच होता. “तुमीच म्हणलात, मनाचं एक अक्षर नको.”

तोवर बाकीचे गाडामालक गोळा झाले होते. आपलीही अशीच गत होणार हे त्यांना उमगलं, आणि सगळ्यांची तोंडं एकदम ऋषीकडं वळली. एकानं त्याची कॉलर धरली. चिमाजींनी भाच्याला सोडवलं नाही. भाऊंनाच विचारलं, आता काय करायचं.

भाऊ सावकाश म्हणाले, “त्याला दिसतंय ना? बसू द्या माझ्याशेजारी. दर बारीला नाव माझ्या कानात सांगायचं. मी बोलतो.”

वैशाखातलं ऊन, वरून पत्र्याचा मंडप. प्रत्येक बारीला ऋषी वाकून नाव सांगायचा, भाऊ ते घाटभर दुमदुमवायचे. दुपारी त्यानं पाणी प्यायला जाऊ का, असं हळूच विचारलं. भाऊंनी त्याचं मनगट पकडलं आणि माईकमध्ये पुढची बारी पुकारली.